शतावरी कवा लावायची?

'केव्हा' या एका शब्दावर अख्खं आयुष्य काढलेला माणूस माझ्या भाटव्यांखेरीज भिलाईत दुसरा नव्हता, आणि भिलाईत त्या काळी अर्धा हिंदुस्थान येऊन राहिला होता. भाटवे म्हणजे बहिणीचा नवरा. पुण्याकडे मेहुणे म्हणतात, आमच्या भंडाऱ्याकडे भाटवेच. जगातल्या प्रत्येक गोष्टीची एक नेमकी वेळ असते, ती कुणाला तरी पक्की ठाऊक असते, आणि आपण ती फक्त त्या माणसाला गाठून विचारायची असते, अशी त्यांची समजूत होती. काय करायचं, कसं करायचं, कशासाठी करायचं, हे ते कधी विचारत नसत. "कसं ते मी पाह्यतो. तू फक्त कवा ते सांग," एवढंच त्यांचं म्हणणं. नवा माठ केव्हा भरावा, चपलेला तेल केव्हा पाजावं, सायकलीची चेन केव्हा सैल करावी, हे सगळं त्यांनी कुणाला ना कुणाला विचारून ठेवलेलं असे. आणि सांगणाऱ्याचा चेहरा गंभीर असला की तो सांगेल ते प्रमाण. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. माझ्या आधी आमच्यात कुणी कॉलेजचं फाटकही ओलांडलं नव्हतं, हे मी आजही मान वर करून सांगतो. शिकलेल्या माणसाला सहसा धक्के बसत नाहीत, असं मी धरून चाललो होतो. पोलाद कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली, बहिणीच्या सेक्टर दोनमधल्या क्वार्टरात राहायला गेलो, आणि पहिल्याच आठवड्यात माझं ते मत गेलं.

त्यांना हा नाद भट्टीनं लावला असं माझी बहीण म्हणे. तिला मी 'बाई' म्हणतो. आमच्याकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. धानाच्या बांधावरून उठलेला हा माणूस थेट नव्या भट्टीवर जाऊन पडला. तिथं सगळा खेळ वेळेचा. लोखंड बाहेर सोडायचं ते एका ठरलेल्या घडीला. थोडं आधी सोडलं तर कच्चं, थोडं उशिरा सोडलं तर कुणाचे पाय भाजतील ते सांगता यायचं नाही. भाटव्यांनी यावरून असं ठरवलं, की देव जग चालवतो तेही असंच चालवत असणार. पण सगळ्या जगाची वेळ विचारत फिरणाऱ्या या गृहस्थाला एकच वेळ कधी कळली नाही, ती म्हणजे बोलण्याची. क्वार्टरांच्या मागच्या ओळीतल्या एकाचे वडील वारले तेव्हा आम्ही दोघं बसायला गेलो. माणसं खाली मान घालून बसलेली. भाटवेही बराच वेळ मान खाली घालून होते. मग त्यांनी मुलाला हळूच विचारलं, की दादांची खाट आता केव्हा मोकळी होते, कारण आमच्याकडे पाहुणे यायचे आहेत. मी भिंतीला टेकलो तो तसाच राहिलो. मुलानं डोळे पुसले, भाटव्यांकडे पाहिलं आणि तो चक्क हसला. दुसऱ्या दिवशी डोक्यावर खाट घेऊन तोच आमच्या दारात आला. मला मुलगी दाखवायला दुर्गला नेलं होतं तिथंही तेच. पोह्यांची बशी हातात पडायच्या आत भाटव्यांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "तुमी रिटायर कवा?" ती मुलगी आज माझी बायको आहे. ते भाटव्यांमुळे नव्हे, त्यांना न जुमानता.

अशा या माणसाच्या डोक्यात शतावरी शिरली ती एका रशियन जेवणातून. कारखाना रशियाच्या मदतीनं उभा राहिलेला, त्यामुळे भट्टीवर त्यांच्या वर एक रशियन फोरमन होता. उन्हानं आणि आचेनं त्याचा चेहरा कायम लालबुंद असायचा, म्हणून त्याला सगळे 'लालसाहेब' म्हणत. भाटव्यांना रशियन येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी दोघांनाही जेमतेम. पण 'कब' हा शब्द दोघांनाही पक्का येत होता, आणि दोस्तीला तेवढं पुरलं. एकदा त्यांच्या कसल्याशा सणाला लालसाहेबानं भाटव्यांना घरी बोलावलं. त्याच्या मॅडमनं डबा फोडून बोटाएवढ्या, फिकट हिरव्या काड्या लोण्यात परतून वाढल्या. भाटवे घरी आले ते वेगळेच होऊन आले. बाईनं रात्रीची भाकरी वाढली तर म्हणाले, भूक आहे, पण तोंडाची चव जाईल. ती भाजी काय, तिचं नाव काय, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. मॅडमला त्यांनी एकच प्रश्न केला होता, "ये कब लगाते?" मॅडमनं हातवारे करून सांगितलं, वसंतात. बर्फ वितळलं, जमीन मोकळी झाली, की लगेच. आणि तीन वर्षं हात लावायचा नाही, नुसतं वाढू द्यायचं. पुढे ती सुटीवर गावी जाऊन आली तेव्हा तिनं काळ्या बियांची एक पुडी आठवणीनं आणली. पुडीवर काहीतरी छापलं होतं, ते भाटव्यांना वाचता येत नव्हतं; आणि मला वाचता येत नाही हे पाहून त्यांना फार वाईट वाटलं. "बी.ए.ले हेही शिकवत नाईत," ते बाईला म्हणाले.

खड्डा खोल लागतो असं मॅडमनं कमरेवर हात ठेवून दाखवलं होतं. भाटव्यांनी तिच्या कमरेचं माप धरलं नाही, स्वतःच्या धरलं, आणि वर खात्रीला आणखी दीड हात. क्वार्टरच्या मागच्या अंगणात, कपडे वाळवायच्या तारेखाली, त्यांनी एवढा खड्डा खोदला की आत उतरल्यावर नुसतं डोकं दिसायचं. टाउनशिपचा एक इन्स्पेक्टर हिंडत आला, खड्ड्याच्या काठावर उभा राहिला आणि विहिरीची परवानगी दाखवा म्हणाला. भाटव्यांनी आतून विचारलं की परवानगी केव्हा मिळते. तो बिचारा निघून गेला. मग अहिवाऱ्याकडून चुनखडी आणणाऱ्या ट्रकवाल्याशी सूत जमवून दोन टोपल्या खडी आली, शेण आलं, पालापाचोळा आला, आणि खड्डा भरून वाफा झाला. आणि चैत्रात, भिलाईच्या लाल मातीला हात लावला तर चटका बसावा अशा उन्हात, मी ऑफिसातून परत येतो तो काय, आमच्या फाटकाशी हीऽ गर्दी. भाटवे दुर्गहून सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी घेऊन आले होते. निघताना ती ट्रंकेएवढी होती म्हणे. पोचली ती पाटाएवढी. मागे दुर्गपर्यंत ओली रेघ. ती लादी त्यांनी दोन्ही हातांनी वाफ्यावर ठेवली आणि शेजारी उकिडवे बसले. मी विचारलं, भाऊजी, हे काय. ते म्हणाले, "बर्फ वितळून राहिला. वितळला का लावतो." आसपासच्या क्वार्टरांतली पोरं लादी चाटत होती, बाई दारात कपाळाला हात लावून उभी होती, आणि मी तिथंच तुळशीकट्ट्यावर बसलो. बी.ए.ला मी भूगोल घेतला होता. त्यातलं काही त्या दिवशी माझ्या उपयोगी पडलं नाही.

लावलेलं बी अर्थातच वाया गेलं. काही मुंग्यांनी नेलं, काही कुजलं. भाटवे पुडी घेऊन परत मॅडमकडे गेले. बर्फाची हकीगत ऐकून ती आधी हसली, हसता हसता खुर्चीत बसली, आणि मग त्यांचे हात हातात घेऊन म्हणाली की माझ्या गावची वेळ तुझ्या गावाला चालायची नाही. तुझ्या इथल्या माणसांना विचार. तिथं एक दुभाषा होता, लखनौकडचा पोरगा. त्यानं बी पाहिलं, मॅडमला काहीतरी विचारलं आणि म्हणाला, अरे, ये तो शतावर की जात है. भाटवे आनंदानं घरी आले. शतावरी. म्हणजे आपलीच. मग आपल्या लोकांना ठाऊक असणारच. मी लायब्ररीतून बागकामाचं एक इंग्रजी पुस्तक आणून त्यातला महिना काढून दाखवला, तर म्हणाले, "तुहं पुस्तक इंग्लंडचं हाय. तिथंही बर्फ पडते."

आता इथं आपल्या भाषेनं घोटाळा केला, त्यात भाटव्यांचा दोष नाही. आपल्याकडे रोप लावतात, तसं दूधही लावतात, खानावळही लावतात, आणि वैद्य औषधही लावतो. शिवाय शतावरी ही वस्तू आपल्या बायांना ठाऊक असते ती बागेतली नव्हे. पोटुशीला आणि बाळंतिणीला दुधातून देतात ती. भाटवे पहिल्यांदा गेले समोरच्या वहिनींकडे. वहिनींचे यजमान रेल्वेत गार्ड. नागपूरची माणसं, मोठी प्रेमळ. भाटव्यांनी दारातूनच विचारलं, "वहिनी, शतावरी कवा लावायची?" वहिनींनी पदर सावरला, आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून उलट विचारलं, "कितवा चालू हाय?" तो ज्येष्ठ होता. भाटव्यांनी मनात चैत्र-वैशाख मोजले आणि सांगितलं, "तिसरा." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, मग इतक्यात नका लावू, पाचवा लागला की लावा. आणि तोवर जड काही उचलू देऊ नका. भाटव्यांना हे शास्त्र फार पटलं. पाचवा म्हणजे श्रावण. त्या दिवसापासून ते वाफ्यात खतसुद्धा अर्धी अर्धी टोपलीच नेऊन टाकू लागले. सेक्टर सहातली एक म्हातारी म्हणाली, गाईच्या दुधात द्या, म्हशीच्या नको. तेही त्यांनी लक्षात ठेवलं. जिथं जिथं मराठी चूल होती तिथं तिथं जाऊन ते विचारून आले, आणि सगळीकडून एकच उत्तर आलं, पाचवा. "पाह्य बी.ए.," ते मला म्हणाले, "साऱ्या बाया एका तोंडानं सांगतात. तुह्या पुस्तकात दोन पानं, दोन मयने."

बाईच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. याबद्दल आमच्यात कुणी बोलत नसे, एक भाटव्यांची आई सोडून. आदल्या दिवाळीला गावी गेलो असताना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की साकोलीला एक मुलगी पाहून ठेवली आहे, बाबूचं म्हणजे भाटव्यांचं दुसरं लग्न लावून टाकू, थोरलीनं थोरलीसारखं राहावं, तिला कुणी काढत नाही. मी उभा राहून कायदा सांगितला. आता दुसरी बायको करता येत नाही, नोकरी जाईल, तुरुंग होईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो कायदा दिल्लीचा हाय बापा. पोरगी साकोलीची हाय." भाटवे त्या वेळी बैलाच्या शिंगांना तेल लावत होते. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. बाई परतीच्या गाडीत सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या मनात तेव्हापासून एकच भीती होती, आणि ती तिनं मला एकदाच बोलून दाखवली: "भाऊ, यायले कोनं वेळ सांगितली का हे ऐकतात. आत्याबाईनं मुहूर्त सांगितला तं?" आत्याबाई म्हणजे तिची सासू, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. मलाही तीच भीती होती.

आणि ज्येष्ठ सरता सरता बाईभोवती चमत्कार सुरू झाले. नळावर तिच्या हातातली बादली कुणीतरी काढून घेई. कुणी कैरीचं लोणचं आणून देई, कुणी चिंचेचं सार. वहिनींनी तर आमचं दळण परस्पर गिरणीतून आणायला सुरुवात केली. तोंडानं मात्र कुणी काही बोलेना. इतक्या वर्षांनी राहिलेलं, बोललं आणि दृष्ट लागली तर, म्हणून साऱ्या बायांनी जिभा आवरून धरल्या होत्या. बाई मला म्हणाली, सेक्टर दोनची हवा बदलली का रे, माणसं इतकी चांगली कशी वागून राहिली? मी म्हटलं, शिक्षणाचा प्रसार होतो आहे. खरोखर तसंच म्हणालो मी. बातमी मात्र रेल्वेवाल्यांच्या घरातून निघालेली. ती पॅसेंजरनं गेली आणि मेलच्या वेगानं पोचली.

आषाढातल्या एका रविवारी दुपारी पॉवर हाऊस स्टेशनावरून आलेली सायकलरिक्षा आमच्या फाटकाशी थांबली आणि भाटव्यांची आई उतरली. बरोबर ट्रंक, डिंकाच्या लाडवांचा डबा, एक गाठोडं. भाटवे पहिल्या शिफ्टला गेलेले, यायच्या बेतात. बाई पायांवर घालायला पाणी घेऊन पुढे झाली तर आत्याबाईंनी तिला उंबऱ्यातच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, बोटं मोडली, आणि तिची हनुवटी धरून म्हणाल्या, "माये, माह्या तोंडातून बरंवाईट गेलं असन, ते पोटात घाल." मला वाटलं, प्रवासात ऊन लागलं. त्यांनी गाठोडं सोडलं. आत हिरवं लुगडं होतं, आणि एका फडक्यात जुन्या पाळण्याच्या दोऱ्या. भाटवे लहानपणी ज्यात झोपत तो पाळणा. बाईनं त्या दोऱ्यांकडे पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. ती हळूच म्हणाली, "आत्याबाईले कोनं काय सांगितलं, भाऊ?" माझ्या डोक्यात बादल्या, लोणची, पाचवा महिना, सगळं एकदम एका जागी येऊन बसलं. मी एवढंच म्हणालो, शतावरी. ती पिठाच्या डब्यावर बसली. खरं सांगावं तर सासू उठून सरळ साकोलीला जाणार. न सांगावं तर किती दिवस न सांगणार. चुलीवरचा चहा उतू गेला तरी आमचं दोघांचंही लक्ष नव्हतं.

तेवढ्यात भाटवे आले. आईला पाहून त्यांना आनंद झाला. ती का आली हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, फक्त केव्हा निघाली ते विचारलं. आई म्हणाली, "बाबू, एवढी मोठी गोष्ट अन् मायले कळवलं नाई?"

"काय कळवायचं," भाटवे बूट सोडत म्हणाले. "उगवलं का सांगतो म्हटलं. मागच्या खेपेले सारं वाया गेलं."

आत्याबाईंनी छातीवर हात ठेवला. "मागच्या खेपेले? कवा?"

"चैतात. बर्फ कमी पडला."

"तिले बर्फ देल्ला तुमी?"

"वरून ठेवला होता," भाटवे म्हणाले. "आता पाचव्यात गाईच्या दुधातून लावतो. चाल, तुले दाखवतो."

असे धक्के माणसानं किती खावेत याला सीमा असते. मी दाराची चौकट धरून उभा होतो. भाटव्यांनी आईचा हात धरून तिला मागच्या अंगणात नेलं आणि तो वाफा दाखवला. काळीभोर चाळलेली माती, कडेनं चुनखडी, मध्ये काहीही नाही. ही रशियन भाजी, ही इथं येणार, तीन वर्षांनी तोडणार, असं ते सांगत होते, आणि आत्याबाई एकदा मातीकडे, एकदा मुलाकडे पाहत होत्या. बाई आत होती, पण खिडकी उघडी होती. हळूहळू म्हातारीला सगळं समजलं. समजलेलं तिच्या खांद्यांवरून उतरताना दिसलं. ती वाफ्याच्या कडेला एक पाऊल पुढे आली आणि थकल्या आवाजात म्हणाली, "हेच होय?"

"हेच," भाटवे म्हणाले.

"मंग साकोलीवाले थांबून हायत, बाबू. त्यायले मी काय सांगू? तू कवा येतं?"

मी डोळे मिटून घेतले. या माणसानं जन्मात कुणाला 'केव्हा' विचारायचं सोडलं नव्हतं, आणि आज त्याच्या आईनं त्यालाच विचारलं होतं. मला खात्री होती की ते तिथी विचारणार.

"कवाच नाई," भाटवे म्हणाले. आवाज चढवला नाही, थांबले नाहीत, कुणाकडे पाहिलंही नाही. "अन् जरा बाजूले उभी राह्य, आई. वाफा दबते."

मला आयुष्यात बसलेल्या सगळ्या धक्क्यांत हा मोठा. माझ्या कायद्यानं जे झालं नाही, ते या दोन शब्दांनी झालं, आणि पुढच्याच क्षणी ते खुरप्यानं आईच्या पायाचा ठसा मोडत बसले होते. आपण काही मोठं बोललो, असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आत गेलो तर बाई सांडलेला चहा पुसत होती. एकदा पुसलेली जागा ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

आत्याबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी लाडवांचा डबा उघडून बाईपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "खाऊन टाक, खराब होतीन." बाईनं हिरवं लुगडं घडी घालून त्यांच्या ट्रंकेत ठेवलं होतं, ते त्यांनी पुन्हा बाहेर काढलं. "हे काहून भरून ठेवलं? मी का हिरवं नेसू या वयात?" म्हातारीचं कुंकू जाऊन फार वर्षं झाली होती. बाई ते लुगडं नेसली, पण लगेच नाही. समोरच्या वहिनींना तर तोंड कुठं लपवावं कळेना, तेव्हा बाईच लाडू घेऊन त्यांच्याकडे गेली. खूप वेळानं परत आली तेव्हा दोघींचे डोळे लाल होते आणि दोघी हसत होत्या. बादली मात्र त्यानंतर बाईनं स्वतःच उचलली.

श्रावण लागला त्या दिवशी भाटव्यांनी उरलेलं बी गाईच्या दुधात भिजवलेलं काढलं आणि एकेक करून मातीत टोचलं. आत्याबाई दारात बसून पाहत होत्या. न बोलायचं ठरवून बसल्या होत्या, पण शेतात जन्म गेलेल्या माणसाला ते किती वेळ जमणार. "वरून माती जास्त नोको टाकू," त्या शेवटी म्हणाल्या. मग उठून स्वतःच दाबून दाखवायला गेल्या. पुढे किती तरी दिवस काही दिसेना. भाटवे शिफ्टवरून आले की आधी मागच्या अंगणात, मग घरात. आणि एका सकाळी आत्याबाईंची हाक ऐकून आम्ही धावलो तर वाफ्यात हिरवे केस उभे. अक्षरशः केस, फुंकर घातली तर हलतील असे. भाजी म्हणून कुणी ओळखलं नसतं. आत्याबाई म्हणाल्या, हे एवढंसं तोंडात घालायला तीन वर्षं थांबणार हा, वेडा आहे माझा मुलगा. पण म्हणताना त्या गुडघ्यांवर बसून वाफ्यातलं गवत उपटत होत्या. आजही मला कुणी विचारलं तर मी बेधडक सांगतो, भिलाईत शतावरी श्रावणात लावावी. याला शास्त्राचा आधार नाही, हे मी बी.ए. असून सांगतो.

पोळ्यानंतर आत्याबाई गावाकडे निघाल्या. आम्ही तिघं पॉवर हाऊसला पोचवायला गेलो. गाडी उभी होती, फलाटावर शिफ्ट बदलल्यासारखी गर्दी. म्हातारी खिडकीशी बसली, आणि गार्डनं शिट्टी दिल्यावर तिनं गजांतून हात काढून बाईचं मनगट धरलं. "दिवाळीले या," ती म्हणाली. गाडी हलली. बाई दोन पावलं गाडीबरोबर चालली, तेव्हा तिनं पुढचा शब्द सांगितला, "दोघंही." साकोलीचं नाव त्यानंतर आमच्या घरात कुणी काढलं नाही.

तीन वर्षांनी ती भाजी खरोखर आली. डब्यातल्यासारखी बोटाएवढी नाही, फार तर करंगळीएवढी. लालसाहेब आणि मॅडम तोवर आपल्या देशी परतले होते, त्यामुळे ती बरोबर आहे की चूक, हे सांगणारं कुणी नव्हतं. लोणी घरात नव्हतं. बाईनं लसूण, तिखट आणि बेसन घालून केली. भाटव्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले. मला विचाराल तर ती शेवग्याच्या कोवळ्या शेंगेसारखी लागली, त्यापेक्षा जास्त नाही. पण भाटव्यांनी त्या वर्षी आणि पुढच्या प्रत्येक वर्षी ओळीतल्या घराघरांत एकेक काडी वाटली, आणि कुणी सांगितलं की चव कळली नाही, तर पुढच्या वर्षी त्याला दोन दिल्या. भेटायला येणारी माणसं म्हणत, पोटच्या मुलासारखी वाढवली हो दोघांनी. ऐकणाऱ्याला ते गोड वाटे. बाईला ते मुळीच खपत नसे. ती उठून आत जायची.

भाटव्यांना जाऊन आता वर्षं झाली. बाई माझ्याकडे असते. क्वार्टर कारखान्याचं, ते कारखान्याला परत गेलं. मध्ये एकदा कामासाठी सेक्टर दोनकडे जाणं झालं तेव्हा सायकल थांबवून मागच्या कुंपणावरून डोकावलो. तारेवर कुणाचे तरी कपडे वाळत होते, आणि खाली ते हिरवे केस माझ्या खांद्याएवढे वाढून वाऱ्यावर हलत होते. तोडणारं कुणी दिसत नव्हतं. नव्या माणसांना ते रान वाटत असणार. दार वाजवून सांगावंसं वाटलं, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना, म्हणून तसाच परत आलो. घरी बाईला सांगितलं. मला वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती तांदूळ निवडत होती, ते तिनं थांबवलं नाही.

"सांगून याचं होतं, भाऊ," ती म्हणाली. "भाजी हाय ते. कोनं तरी तोडून खाल्ली पाह्यजे."